सोडलं तर शून्य

"तुला बोलायची गरज न्हाई. कुणी विचारलं तर नुसती मान हलव."

बुद्धप्रियाचे पप्पा हे म्हणाले तेव्हा आम्ही नांदेडच्या स्टेशनवर उभे होतो आणि हैदराबादच्या गाडीचा शेवटचा डबा अजून दिसत होता. त्या गाडीत आमची एकुलती एक मुलगी होती. हैदराबादहून विमानानं ती थायलंडला जाणार होती, एका खेड्यातल्या विहाराच्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला. बिनपगारी. मी डोळे पुसत होते. मला वाटलं, हे धीर देत आहेत. घरी येईपर्यंत लक्षात आलं की तो धीर नव्हता, सूचना होती.

आमच्या घरात बोलण्याचं काम पहिल्यापासून ह्यांच्याकडे आहे. रामकिशनराव कंडक्टर म्हटलं की नांदेड-देगलूर रस्त्यावर अजून लोक ओळखतात. उभी नोकरी त्याच रस्त्यावर गेली. तिकीट फाडता फाडता हे घरच्या बातम्याही देत. प्रियाला दहावीला किती मार्क पडले, ती लातूरला कोणत्या क्लासला आहे, डॉक्टर झाल्यावर दवाखाना कुठं टाकायचा, हे नायगाव-नरसीच्या प्रवाशांना आमच्या नातेवाइकांच्या आधी माहीत असायचं. हे रिटायर झाले तेव्हा सत्काराला एका रोजच्या प्रवाशानं भाषण केलं. त्यातही प्रियाचा दवाखाना होता.

माझा आवाज लहान आहे. फोनवर लोक "हॅलो, हॅलो, आवाज येऊन न्हाई राहिला" म्हणतात आणि ठेवून देतात. मला त्याचं काही वाटत नाही. सकाळी अंघोळ झाली की मी त्रिसरण-पंचशील घेते. पौर्णिमेला अष्टशील पाळते, दुपारी बारानंतर जेवत नाही, आणि त्या दिवशी मौन धरते. मौन अष्टशीलात नाही, ते मी माझ्या मनानं जोडलं. पहिली काही वर्षं घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता गॅपचं सांगते, कारण घोटाळा तिथूनच सुरू झाला.

लातूरच्या ट्यूशन एरियात गॅप म्हणजे एकच. बारावी झाली, नीटमध्ये मार्क कमी पडले, एक वर्ष थांबायचं आणि पुन्हा नीट द्यायची. पोरांच्या स्वयंपाकासाठी आया तिथं खोली करून राहतात. प्रियाच्या गॅपला मीही राहिले. नळावर शेजारची बाई तिथं नाव विचारत नाही. "कितवा?" विचारते. पहिला म्हटलं की "होईल, होईल" म्हणते. तिसरा म्हटलं की आपली कळशी बाजूला करून आधी तुम्हाला पाणी भरू देते.

आमच्या खोलीत प्रियाबरोबर देगलूरची शिवलीला होती. तिचे वडील हणमंतराव ह्यांचे जुने मित्र, मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान. दोन्ही पोरी हुशार. पण नीटचं एक आहे. उत्तर बरोबर आलं तर चार मार्क, चुकलं तर एक वजा, आणि प्रश्न सोडून दिला तर शून्य. क्लासमधले सर वर्षभर तेच सांगत होते, खात्री नसेल तर सोडा, सोडायला शिका. पोरींनी ते फार मनावर घेतलं. ताट वाढून मी विचारायची, "मीठ जास्त झालंय का गं?" शिवलीला घास तोंडात धरून विचार करायची आणि म्हणायची, "पक्कं न्हाई सांगता येत, काकू. सोडते."

निकाल लागला तेव्हा दोघींनाही एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क नव्हते. शिवलीला देगलूरला गेली. प्रिया नांदेडला आली, दोन दिवस झोपली आणि मग एका सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "पप्पा, मला गॅप घ्यायचाय."

"आत्ताच तर झाला."

"तसला न्हाई. बाहेरचा."

"बाहेरचा म्हंजे? कोटा?"

"थायलंड."

ह्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तिथं कोणता क्लास हाय?"

क्लास नव्हता. आमच्या विहारातले भन्ते धम्मानंद काही वर्षं थायलंडला शिकून आले आहेत. तिकडच्या एका विहाराला जोडून शाळा आहे, त्यात लहान श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, आणि गावातली पोरं एकत्र बसतात. इंग्रजी शिकवायला वर्षभर कुणीतरी हवं होतं. राहणं-जेवण त्यांचं. भन्तेंनी प्रियाचं नाव सांगितलं आणि मोबाइलवर मुलाखतही होऊन गेली होती. तिकडे शिकवणाऱ्या भन्तेंना अजान म्हणतात, त्यावरून आमच्याकडे थोडा वेळ गेला.

"शाळेचा मुख्य कोण हाय?" ह्यांनी विचारलं.

"अजान."

"मुख्यच अजाण, तर लेकरं काय शिकतेत?"

"ण न्हाई पप्पा, न."

"तेच म्हणून राहिलो मी."

पासपोर्ट तयार होता. रशियाला नाहीतर आणखी कुठं नंबर लागला तर असावा म्हणून ह्यांनी तो बारावीतच काढून ठेवला होता. प्रिया म्हणाली, एक वर्ष शिकवते, आल्यावर तुम्ही म्हणाल ते शिकते, पण एक वर्ष मला कुणी कितवा विचारू नये. ह्यांनी हो म्हटलं. आपल्या लेकीला हे कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त एवढं विचारलं, "लोकांला काय सांगू?"

"खरं सांगा," प्रिया म्हणाली.

ह्यांनी त्यातलं अर्धं घेतलं. कुणी भेटलं की हे म्हणत, "पोरगी फॉरेनला गेली," आणि थांबत. लातूरला गॅप काढलेली पोरगी फॉरेनला गेली म्हटल्यावर पुढचं लोक आपणच बोलत. "एमबीबीएसला का?" त्यावर हे खिशात चष्मा शोधत.

"मी कुठं खोटं बोललो?" मला म्हणत. "मी नुसतं गाडीत घेतलं. कुठं उतरायचं ते त्यांनी ठरवलं."

ह्यांचं ह्यांना जमत होतं. माझी अडचण मान हलवण्याची होती. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील मी रोज सकाळी घेते. मान हलवणं बोलण्यात धरतात का, हे मला नीट माहीत नव्हतं. म्हणून विहारात जाऊन भन्तेंना विचारलं.

भन्तेंनी विचार केला. "उभी का आडवी?"

"उभी."

"त्यानं समोरच्याला काय कळतं?"

"प्रिया डॉक्टरकी शिकायला गेली, असं."

"मग तोंडानं बोललं काय अन् मानेनं बोललं काय, उपासिका," भन्ते म्हणाले आणि पुढं काही बोलले नाहीत. तेही कमीच बोलतात.

तेव्हापासून मी मान हलवली नाही. कुणी विचारलं, "काय म्हणती डॉक्टरीणबाई?" की मी पाणी आणायला आत जायची. भर पावसाळ्यात आमच्याकडे आलेला माणूस दोन तांबे पाणी पिऊन जाऊ लागला. शेजारच्या सौदामिनीबाई हायस्कुलात मराठी शिकवायच्या, त्या एकदा म्हणाल्या, "आल्यागेल्याला पाणी विचारावं तर तुम्हीच." मी त्यांनाही पाणी आणून दिलं.

प्रियाचा फोन संध्याकाळी यायचा. चित्र दिसायचं. खोली स्वच्छ होती, भात चांगला होता, पाऊस आपल्यासारखाच, डास आपल्यापेक्षा मोठे. प्राण्याची हिंसा नको म्हणून कुणी मारत नाही, मच्छरदाणी लावतात. पोरगी खुशीत होती. शिकवायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण शिकवताना तिनं लातूर पाहिलं होतं. तिनं तेच केलं. पहिल्याच आठवड्यात टेस्ट सिरीज सुरू केली. हातानं रेघा मारून गोल रंगवायचे कागद तयार केले. दर रविवारी पेपर, सोमवारी भिंतीवर रँक.

"श्रामणेर गोल लई सुंदर रंगवतेत, आई," ती म्हणाली. "रेषेच्या बाहेर थेंब न्हाई. एकानं तर चारी रंगवले."

"का?"

"म्हणला, एकच रंगवला तर बाकीच्या तिघांला वाईट वाटंल. मी त्याचा एक मार्क कापला."

एके दिवशी तिनं मला फोनवरून वर्ग दाखवला. पिवळी वस्त्रं घातलेली लहान लहान पोरं, त्यांच्यामागं गावातल्या मुली, सगळे पाठ ताठ करून बसलेले. प्रियानं पहिल्या रांगेतल्या एकाला इंग्रजीत नाव विचारलं. तो तिच्याकडे बघत राहिला. दुसरीला विचारलं, तू कुठं राहतेस? तिनं खाली बघितलं. तिसऱ्यानं छताकडे बघितलं. मग प्रियानं टाळी वाजवली आणि सगळ्यांना मिळून विचारलं, "कन्सेप्ट क्लिअर?"

"हाव, टीचर!" सगळा वर्ग एका दमात ओरडला.

"प्रिया," मी म्हणाले, "ते काय म्हणाले?"

"कुठं काय?"

"हाव म्हणाले."

"मग? हाव म्हणालेच की." तिच्या लक्षातच आलं नव्हतं. बोलताना तीच दर वाक्याला हो म्हणायच्या जागी आमच्याकडचं हाव, हाव करत होती, पोरांनी तो इंग्रजी शब्द समजून उचलला होता. पुस्तकी मराठीत हाव म्हणजे लोभ, हे सौदामिनीबाईंनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. बुद्धमूर्तीच्या समोर बसून लेकरं एका सुरात तेच म्हणत होती. मी प्रियाला काही बोलले नाही. निदान लेकरं तेवढं तरी बोलत होती.

पुढं पुढं प्रियाचा चेहरा उतरत गेला. पोरं कागदावर सगळं करत, तोंडानं एक शब्द काढत नसत. एकदा अजानांनी तिला बोलावलं, चहा दिला आणि फार मायेनं सांगितलं. तू यायच्या आधी ही पोरं चुकीचं इंग्रजी बोलायची, आता बरोबर गप्प बसतात. वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, संपेपर्यंत बघू, नाहीतर तू घरी जाऊन विश्रांती घे.

हे सगळं चालू असताना भाद्रपद पौर्णिमा आली आणि त्या दिवशी देगलूरहून हणमंतराव आले.

"जयभीम, रामकिशनराव."

"शरणार्थी, या या."

हणमंतराव लिंगायत. नमस्काराला त्यांनी आमचं म्हणायचं आणि आम्ही त्यांचं, हे दोघांत पहिल्यापासून ठरलेलं आहे. बसले. मी विचारायच्या आधी पाणी आणून ठेवलं. माझं मौन होतं.

"शिवलीलाचा नंबर लागला," हणमंतराव म्हणाले. "उदगीरला. जनावराच्या डॉक्टरकीला."

"अरे वा! मग तर बेस झालं."

"काय बेस? लातूरला काय म्हशी तपासायला ठेवली होती का तिला? पोरगी म्हणती, मला हेच पाहिजे. लहानपणापासून गोठ्यातच असती म्हणा. पण तिला काय कळतं? येत्या शुक्रवारपर्यंत प्रवेश घ्या म्हणतेत. मी म्हणलं, सोडून द्या. तुमची प्रिया हाय तिथंच धाडतो. पुन्हा दोघी एका खोलीत राहतेत, एकीला एक सोबत."

ह्यांचा हात चष्म्याकडे गेला. चष्मा डोळ्यांवरच होता. "फॉरेन लई लांब हाय, हणमंतराव."

"प्रियाला जवळ हाय का?"

"जेवण जमत न्हाई. नुसता भात."

"आम्ही देगलूरचे. अर्धे तेलंगणात. भाताचं काय घेऊन बसलात?" हणमंतराव हसले. मग माझ्याकडे वळले. "वैनी, तुम्ही सांगा. प्रियाचं बरं चाललंय ना तिकडं, डॉक्टरकीचं?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी मान हलू नये म्हणून इतकी घट्ट धरली की पुढं दोन दिवस तेल लावावं लागलं.

"आज पौर्णिमा," हे घाईनं म्हणाले. "तिचं मौन असतंय."

"अरे हाव, हाव. मी विसरलोच. धर्माची बाई हाय." हणमंतरावांनी मला हात जोडले. मी पाणी आणायला आत गेले. तांब्या भरलेलाच होता. तो ओतून पुन्हा भरला. बाहेर आले तेव्हा ते चपला घालून, कॉलेजचं नाव फोनवर धाडा म्हणून सांगत, फाटकाबाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी प्रियाचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला. हे बाजारात गेले होते.

"आई, शिवलीलाचा फोन आलता. लई रडून राहिली. तिचे पप्पा तिचा उदगीरचा प्रवेश सोडून राहिले, माझ्या कॉलेजला धाडतो म्हणून. कोणतं कॉलेज?"

"तू तिला खरं सांगितलंस का?"

"सांगितलं की. वर्ग बी दाखवला. तिनं पप्पांला सांगितलं तर ते म्हणले, पोरी पोरी एकमेकीला झाकतेत. तुला दूर जायचं न्हाई म्हणून बनवून राहिलीस. आई, ते काय म्हणले माहिताय? म्हणले, रामकिशनरावाचं एक बाजूला ठेव. पण वैनी समोर बसलेल्या होत्या. त्या शील पाळणाऱ्या. खोटं असतं तर त्या मौन मोडून बोलल्या असत्या."

मला वाटत होतं, मी प्रश्न सोडला आहे, सोडलं तर शून्य. इकडे हणमंतरावांनी माझ्या नावानं गोल रंगवून टाकला होता.

"आई? ऐकू येतंय का?"

"येतंय."

"मग बोल ना."

लगेच मला ते जमलं नाही. मी विचारलं, "तुझी लेकरं कशी हायत?"

"गप्प. विचारलं की छताकडं बघतेत. मी काय करू? सगळं करून बघितलं. अजून दोन टेस्ट वाढवल्या."

"चुकलं की मार्क कापतेस?"

"एकच कापते. नियमच हाय तो."

"अन् हाव म्हणताना चुकले तर?"

"हावला कशाला मार्क? ते पेपरात कुठं हाय?"

"म्हणून तेवढंच बोलतेत," मी म्हणाले.

पलीकडून तिच्या भिंतीवरची पाल तेवढी बोलत होती. तिकडच्या पाली मोठ्यानं बोलतात.

"म्हणजे वजा काढून टाकू?"

"टाक."

"मग चुकीचं बोलतील, आई. सगळंच चुकीचं."

"बोलू दे. अजानांला तेच पाहिजे."

तिनं नाक पुसलं. लहानपणापासून मी तिला बघत आले आहे. काही ठरवलं की ती आधी नाक पुसते. "काढते," ती म्हणाली. "उद्याच काढते. पण मग तू बी काढ. शुक्रवारच्या आत तू हणमंतकाकांला सांग. पप्पांनी सांगितलं तर ते मधीच कुठंतरी थांबतेत. तू सांग, तोंडानं."

"फोनवर माझं कुणाला ऐकू येत न्हाई."

"मग देगलूरला जा."

"हाव," मी म्हणाले.

"पक्कं ना? का सोडतेस?"

"न्हाई सोडत."

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ धाडला. भिंतीवरची रँक नव्हती. वर्गात एवढा कालवा होता की मी आवाज कमी केला. एक लहान श्रामणेर उभा राहून दोन्ही हात हलवत सांगत होता, "टीचर, येस्टरडे रेन इज कमिंग, माय अंब्रेला इज रनिंग, आय इज रनिंग, डॉग इज रनिंग!" मागून मुली ओरडत होत्या, "हाव! हाव!" दारात एक म्हातारे भन्ते भिंतीला टेकून हसत होते. प्रिया कुठं दिसत नव्हती, पण फोन धरलेला हात हलत होता. मला इंग्रजी फार येत नाही. तरी तो मुलगा, छत्री आणि कुत्रा एकामागं एक पळाले, हे मला कळलं.

तिनं तिचं केलं होतं.

सकाळी अंघोळ करून मी पंचशील घेतलं. चौथ्या शीलाला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. पांढरं लुगडं नेसले, पिशवी घेतली. हे पेपर वाचत बसले होते.

"देगलूरला जाऊन येते."

"कशाला?"

"बोलायला."

ह्यांनी पेपर खाली केला नाही. "काय बोलणार?"

"प्रिया काय करून राहिली ते."

"मी काय खोटं बोललो का? मी म्हणलो, फॉरेनला गेली."

"हाव. अन् मी तर काहीच म्हणले न्हाई. तरी त्या लेकराची उदगीरची जागा चालली."

पेपर तसाच राहिला. पान उलटलं नाही.

"सगळ्या गाडीला मालूम होईल," थोड्या वेळानं हे म्हणाले. "रामकिशनरावाची पोरगी डॉक्टर न्हाई होऊन राहिली म्हणून."

"ती शिकवून राहिली, हे बी मालूम होईल."

"बिनपगारी."

"बिनपगारी," मी म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं.

ह्यांनी पेपरची घडी घातली. ती नीट येईना, म्हणून उलगडून पुन्हा घातली. "मी येऊ का?"

"नको. तुम्ही आलात की तुम्हीच बोलाल."

हे उठून दारापर्यंत आले, रस्त्याकडे बघितलं, आणि मग नोकरीत होते तेव्हाच्या आवाजात म्हणाले, "पहिली गाडी नायगावात चहाला लई वेळ लावती. तिच्या मागची घे. उजवीकडं बस, सकाळचं ऊन डाव्या अंगानं येतंय. कंडक्टरला सांग, रामकिशनरावाच्या घरून." मग थांबले. "न्हाईतर नको सांगू. तो विचारंल, प्रियाची डॉक्टरकी कुठवर आली."

"विचारू द्या," मी म्हणाले.

फाटकाशी सौदामिनीबाई तुळशीला पाणी घालत होत्या. "इतक्या सकाळी कुठं निघालात? आणि काय म्हणतंय लेकीचं कॉलेज?"

पाय सवयीनं घराकडे वळले होते. मी ते जागेवर ठेवले. "कॉलेज न्हाई. ती तिकडं शाळेत इंग्रजी शिकवती. डॉक्टरकीला न्हाई गेली."

"आवाज आला नाही. काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. आवाज एवढा मोठा झाला की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकला. दारात ह्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

सौदामिनीबाईंनी झारी खाली ठेवली. मी वाट बघितली.

"तिकडे डास आहेत का हो फार?" त्या म्हणाल्या.

"हायत. आपल्यापेक्षा मोठे."

"मग मच्छरदाणी पाठवा तिला." त्यांनी झारी उचलली.

मी फाटक लावलं. मागून हे पाण्याची बाटली घेऊन लगबगीनं आले. "ही राहिली. लांबचा रस्ता हाय, वाटंत कुणी बोललं-चाललं तर लागंल."

"राहू द्या," मी म्हणाले. "पाणी हणमंतरावांच्या घरी पिईन. सांगून झाल्यावर."

आणि स्टँडच्या रस्त्याला लागले.